फेब्रुवारीत आल्प्समध्ये स्कीइंग : घरातले पाच जण पाच तऱ्हेचे, गाव कुठलं घ्यावं?

पायवाट – ३ नोव्हेंबर २०२५

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही म्युनिकला असतो. बायर्नच्या (बव्हेरियाच्या) शाळांना १६ ते २० फेब्रुवारी २०२६ अशी फाशिंगची (कार्निव्हलची) सुट्टी आहे. त्या आठवड्यात स्कीइंगला जायचं असं घरात एकमताने ठरलंय. म्हणजे नवऱ्याने ठरवलं, लेकीने टाळ्या वाजवल्या आणि मी "बघू" म्हणाले.

माणसं अशी. नवरा इथे शिकायला आला तेव्हापासून स्की करतो, लाल उतार आरामात उतरतो, काळ्याची खुमखुमी आहे (निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड). लेक ९ वर्षांची, शाळेच्या गटाबरोबर शिकलीये, निळ्या उतारावर सुसाट जाते आणि वळायचं असतं हे तिला नंतर आठवतं. धाकटा साडेचारचा, त्याने स्की फक्त दुकानात पाहिलीये. मी चाळिशीच्या उंबऱ्यावर, अनुभव शून्य. आणि सासूबाई. त्या जानेवारीत साताऱ्याहून येताहेत, वय ६८, एक गुडघा कुरकुरतो, अंडंही खात नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय घरात बसून रेडिएटर राखू? येणार."

नवरा रोज एक नवं गाव दाखवतो आणि प्रत्येक वेळी एकच आकडा सांगतो, इथे इतके किलोमीटर उतार. मला कळत नाही की हा आकडा आमच्या कामाचा आहे का. कुटुंबाला घेऊन गेलेल्यांनी सांगा : गाव निवडताना नक्की काय बघायचं?

कोथरूडचा_खवचट – ३ नोव्हेंबर

एवढे पैसे मोजून घसरायचं? आमच्याकडे पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर फुकटात होतं.

स्टुटगार्टचा_सख्या – ३ नोव्हेंबर

खवचटराव आले, धागा चालणार.

पायवाट, आधी एक वाईट बातमी. तुम्ही घेतलेला आठवडा वर्षातला सगळ्यात गर्दीचा. बायर्नबरोबर ब्रिटनच्या बऱ्याचशा शाळा त्याच आठवड्यात बंद असतात, हॉलंडमधलेही त्याच सुमाराला गाड्या भरून येतात. नोव्हेंबरात शोधायला लागलात म्हणजे चांगल्या जागा निम्म्याहून जास्त गेलेल्या असणार. आज रात्रीच बसा आणि फोन करा. बुकिंगच्या साइटवर 'शिल्लक नाही' दिसतं तिथेही घरमालकाला थेट फोन केला की कधीकधी जागा निघते. बरीच छोटी घरं अजून गावच्या पर्यटन कार्यालयामार्फत जातात.

आल्प्सकर_अण्णा – ४ नोव्हेंबर

इन्सब्रुकला बरीच वर्षं आहे, दोन पोरं इथेच वाढली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

किलोमीटरचा आकडा हा तुमच्या यजमानांचा प्रश्न आहे, तुमच्या कुटुंबाचा नाही. २७० किलोमीटरच्या भागातसुद्धा नवशिक्या माणूस आठवडाभर त्याच तीनशे मीटरच्या उतारावर असतो. म्हणून गाव निवडायचं ते घरातल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून, आणि त्याच्याही आधी जो स्की करणारच नाही त्याच्याकडे बघून. पक्क्या माणसाला कुठेही मजा येते. त्याला लिफ्टने वर सोडा, तो दुपारी जेवायला खाली येतो.

मग नकाशा उघडा आणि तीन ठिकाणं शोधा : राहायची जागा, मुलांची स्कीशाळा भरते ते मैदान, आणि सगळे दुपारी भेटतील अशी हट, म्हणजे डोंगरावरची खानावळ. या तिन्हींमधलं अंतर साडेचार वर्षांच्या पोराला आणि त्याच्या स्कीला उचलून चालता येईल एवढं हवं. हे गंमत म्हणून नाही सांगत. स्कीचे बूट घालून मूल चालत नाही. तुम्ही स्वतः त्या बुटांत रोबोसारख्या चालत असता, एका खांद्यावर तुमच्या स्की, दुसऱ्या हातात त्याच्या, आणि तो मध्येच बसकण मारतो. सकाळी नऊ पंचावन्नला, दहाच्या वर्गाला. कुटुंबाची सुट्टी इथेच मोडते, काळ्या उतारावर नाही.

दुसरं म्हणजे नवशिक्यांचं मैदान कुठे आहे ते बघा. गावात खाली असेल तर आजीला चालत जाऊन नातवाला बघता येतं, पण ऊन तापलं की बर्फ लवकर पातळ होतो. मधल्या स्थानकावर असेल तर बर्फ चांगला, पण मग आजीला गोंडोलाने (बंद पाळण्यांच्या रोपवेने) वर जाता यायला हवं आणि वर बसायला जागा हवी. बहुतेक ठिकाणी पायी फिरणाऱ्यांसाठी गोंडोलाचं वेगळं, स्वस्त तिकीट असतं.

तिसरं, खाली यायची सोपी वाट. काही गावांत वरचे उतार निळे असतात, पण गावात उतरणारा शेवटचा टप्पा लाल आणि दुपारी चार वाजता ढेकळांनी भरलेला. नवशिक्यांनी तिथे गोंडोलाने खाली यावं, त्यात कमीपणा काही नाही. पण लिफ्ट किती वाजता बंद होते हे सकाळीच बघून ठेवा.

आता नाव. तुमच्या गरजेला ऑस्ट्रियाच्या टिरोलमधलं सेरफाउस-फिस-लाडीस पहिलं आठवतं. इन नदीच्या खोऱ्यावर उन्हातलं पठार, तीन गावं, लिफ्टचा एकच पास, दोनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे यजमानही खूश. सेरफाउस साधारण १४३० मीटरवर आहे. गावात गाड्या फिरत नाहीत, त्याऐवजी १९८५ पासून जमिनीखालून हवेच्या गादीवर चालणारी छोटी मेट्रो आहे. चार स्थानकं, वाहनतळापासून थेट गोंडोलापर्यंत, फुकट. वर कोम्पर्डेलच्या मधल्या स्थानकाशी मुलांचं मोठं बर्फमैदान, सरकते पट्टे, सगळीकडे मुर्मली नावाच्या मार्मोटची (मोठ्या खारीसारख्या डोंगरी प्राण्याची) चित्रं. फिसकडे तसंच बर्टा नावाच्या गाईचं. मास्नरच्या बाजूला यजमानांसाठी भरपूर लाल उतार.

तोटा एकच. हे सगळ्यांना माहीत आहे. भाव आणि गर्दी त्या हिशेबाने.

झुरिकवासिनी – ४ नोव्हेंबर

अण्णांना +१, विशेषतः आजीबद्दल. मी स्वित्झर्लंडचा झेंडा फडकवून जाते. न-स्कीवाल्यांसाठी युंगफ्राउच्या भागाला तोड नाही. वेंगेनला गाडी जातच नाही, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची ट्रेन वर नेते. त्यामुळे आजी रोज ट्रेनमध्ये बसून क्लाइने शाइडेगला, २०६१ मीटरवर, आयगरच्या भिंतीसमोर कॉफी प्यायला येऊ शकतात आणि बाकीचे स्कीवरून तिथेच पोचतात. ग्रिंडेलवाल्डहून २०२० पासून आयगर एक्स्प्रेस गोंडोला आहे, पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला. सासूबाईंना युंगफ्राउयोख करायचं असेल तर तेही त्याच वाटेवर, ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, १९१२ पासूनचं. (त्या उंचीवर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि सावकाश चाला.)

खर्च विचारू नका. इथल्या हटमध्ये पाचजणांनी सूप प्यायलं की बिल बघून घाम फुटतो. पण अनेक ठिकाणी घरचा डबा खायला पिकनिकची खोली असते, ती शोधून ठेवायची.

लंडनची_मावशी – ४ नोव्हेंबर

आम्ही फ्रान्सवाले. तिथली नवी वसवलेली गावं, आवोरियाझसारखी, दिसायला सगळ्यांना आवडत नाहीत, पण दारातून बाहेर पाऊल टाकलं की बर्फ. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा उतार असतो, तो ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये नसतो. त्यामुळे फ्रान्समधून आलेल्याला ऑस्ट्रियाचा निळा एखाद्या ठिकाणी तिखट वाटू शकतो. मुलांच्या पातळ्याही छान लावलेल्या, पिउ-पिउ, मग अस्वलाचं पिल्लू, मग हिमकण, मग तारे. आमच्या धाकट्याने अस्वलाचा बिल्ला रात्री पायजम्यालाही लावला होता.

म्युनिकहून मात्र लांब पडेल, त्यामुळे सेरफाउसच बरं.

पायवाट – ४ नोव्हेंबर

अण्णा, तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. "पक्क्या माणसाला कुठेही मजा येते" या वाक्यावर नवरा गप्प झाला, ही या धाग्याची पहिली कमाई.

सेरफाउसला आज फोन केले. चार घरं, चारही भरलेली. एका बाईंनी तर पुढच्या वर्षीचं विचारता का म्हणून विचारलं. इटलीतलं दक्षिण टिरोल कसं वाटतं? मैत्रीण म्हणते तिथे ऊन जास्त आणि जेवण चांगलं.

स्टुटगार्टचा_सख्या – ४ नोव्हेंबर

जेवणाबद्दल मैत्रीण बरोबर आहे. झायझर आल्म हे नवशिक्या कुटुंबांसाठी फार गोड ठिकाण. उंचावरचं प्रचंड कुरण, बहुतेक उतार सौम्य निळे, हिवाळी चालायच्या वाटा भरपूर, म्हणजे आजींचीही सोय. पक्के लोक पलीकडे ग्रोडनच्या खोऱ्यातून सेलारोंडा करतात, चार खिंडींवरून सेला डोंगराला फेरी, लिफ्ट धरून ४० किलोमीटर.

पण या वर्षी तीन गोष्टी. ६ ते २२ फेब्रुवारी मिलान-कोर्टिनाचं हिवाळी ऑलिंपिक आहे, म्हणजे कोर्टिना, बोर्मियो, लिविन्यो, अँटरसेल्वाच्या आसपास जाऊच नका, आणि बाकी भागातही रस्ते नेहमीपेक्षा भरलेले असणार. दुसरं, ब्रेनरच्या महामार्गावर लुएग पुलाचं काम चालू आहे, २०२५ च्या जानेवारीपासून तिथे वाहतूक आवळलीये. तिसरं, इटलीत उतारावर तृतीयपक्ष विमा (आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर भरपाईचा) सक्तीचा आहे आणि या नोव्हेंबरपासून हेल्मेट सगळ्या वयांना सक्तीचं. हेल्मेट तर कुठेही घालाच, पण विम्याचा कागद जवळ ठेवा.

आणखी एक पर्याय. क्लाइनवाल्झरटाल. आहे ऑस्ट्रियात, पण रस्ता फक्त जर्मनीतून, ओबरस्टडॉर्फवरून जातो. त्यामुळे ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्गाच्या टोलचं स्टिकर) लागत नाही आणि फर्नपास खिंडीतल्या वाहनांच्या रांगांचा तमाशाही नाही.

आल्प्सकर_अण्णा – ५ नोव्हेंबर

सेरफाउस भरलं तर लाडीस बघा. तिघांतलं सगळ्यात छोटं आणि शांत, साधारण १२०० मीटरवर. जुनी चित्रं काढलेली घरं, तळं, वर लाउडेगचा किल्ला. पास तोच, आणि लिफ्ट फिसला जोडते. सेरफाउसच्या नावाला लोक पैसे देतात, लाडीसला त्यामानाने कमी पडतात. आजींना गावात फिरायलाही तेच जास्त आवडेल असा माझा अंदाज.

दोन_पोळ्या – ५ नोव्हेंबर

आता कामाचं बोलू या. जेवण.

अंडंही न खाणाऱ्या आजींसाठी ऑस्ट्रियाची हट म्हणजे मोठी परीक्षा. केझश्पेट्सले म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, पण पिठात अंडं. काइझरश्मार्न दिसतो आपल्या गोड धिरड्याच्या तुकड्यांसारखा, सोबत आलुबुखारची चटणी, पोरं तुटून पडतील, पण अंड्याशिवाय तो होतच नाही, आणि बेदाणे बरेचदा रममध्ये भिजवलेले. सूप 'भाजीचं' असलं तरी पाणी गोमांसाचं असू शकतं, त्यामुळे "फ्लाइशब्रुए (मांसाचं पाणी) आहे का?" हे एक वाक्य पाठ करा. बटाट्याच्या सूपातसुद्धा श्पेकचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे पोहत असतात. उरतात पोम्स (फ्रेंच फ्राइज), भाजलेला बटाटा, सॅलड आणि ब्रेड.

म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हॉटेलची अर्धी पेन्शन (नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासकट खोली) घेऊ नका. कुकर न्या. १२०० मीटरवर पाणी ९६ अंशाच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसाल. शेगडी इंडक्शनची आहे का हे घरमालकाला आधी विचारा, आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही, स्टीलचा न्यावा लागतो. फोडणी देताना खिडकी उघडा आणि धुराचा भोंगा कुठे आहे ते बघून ठेवा. दुपारसाठी दशम्या. थंडीत पोळी चामडं होते, दुधात भिजवलेली दशमी मऊ राहते. बरोबर शेंगदाण्याची चटणी. आतल्या खिशात ठेवली तर गोठत नाही.

कोथरूडचा_खवचट – ५ नोव्हेंबर

दशमी खाण्यासाठी मी पण यायला तयार आहे. घसरणार नाही.

पण गंभीरपणे विचारतो, एकूण खर्च किती? इथल्या वाचकांना अंदाज येईल.

स्टुटगार्टचा_सख्या – ५ नोव्हेंबर

मोठ्या टिरोली भागात प्रौढाचा एका दिवसाचा पास ७० युरोंच्या पुढे गेलाय, सहा दिवसांचा घेतला तर दर थोडा उतरतो. लहान मुलांना सवलत असते, अगदी छोट्यांना बरेचदा फुकट. त्यावर भाड्याच्या स्की-बूट, दोघांची स्कीशाळा, सात रात्रींचं घर. या आठवड्यात मोठ्या गावात पाच माणसं तीन-चार हजार युरोंत आटोपली तर हिशेब नीट ठेवला म्हणायचं. छोट्या खोऱ्यातल्या दोन-तीन लिफ्टच्या टेकडीवर गेलात तर बरंच कमी. आणि तिथे पहिल्या वर्षी शिकायला काहीच कमी पडत नाही.

पायवाट, नवशिक्यांनी पहिल्याच दिवशी मोठा पास घेऊ नका. सरकत्या पट्ट्याचं किंवा छोट्या लिफ्टचं वेगळं तिकीट मिळतं का ते विचारा. तीन दिवस तुम्ही तिथून हलणार नाही.

हिमवेडा – ६ नोव्हेंबर

खवचट, भारतात गुलमर्गला केलंय मी. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर चार हजार मीटरच्या जवळ नेतो, भुकटी बर्फ असा की युरोपवाले तिकडे येतात. पण तिथली गंमत पक्क्यांची. उत्तराखंडात औलीला सरकारी कोर्स व्हायचे, साधं आणि स्वस्त. जोशीमठची जमीन खचल्यानंतर २०२३ च्या जानेवारीत रोपवे बंद पडला. पाच तऱ्हेच्या कुटुंबाला एकाच गावात सगळं मिळेल अशी व्यवस्था मात्र आल्प्समध्येच पाहिली.

गुडघेदुखी – ६ नोव्हेंबर

विम्याचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. जर्मन सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड ऑस्ट्रियात चालतं, पण सरकारी यंत्रणेशी करार असलेल्या दवाखान्यात. स्कीगावांत खासगी दवाखाने बरेच, आणि उतारावरून स्ट्रेचरने खाली आणतात तेव्हा कुठे नेताय हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मला नेलं ते खासगी निघालं. गुडघ्याचा स्नायुबंध, एमआरआय, पट्टा, आणि बिल हातात. विमा कंपनीने सरकारी दराएवढंच परत दिलं, उरलेलं माझं. डोंगरावरून सोडवून आणण्याचा खर्च तर सरकारी विमा देतच नाही, हेलिकॉप्टर आलं तर आकडा हजारांत जातो. जर्मन किंवा ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घ्या, त्यात सुटकेच्या खर्चाचा विमा येतो. किंवा परदेश-आरोग्यविमा वेगळा घ्या, तो वर्षाला फार महाग नसतो.

आजींचा शेंगेन व्हिसासाठी काढलेला विमा उघडून बघा. ३० हजार युरोंचं छत्र असतं, पण 'हिवाळी खेळ वगळून' असं बारीक अक्षरात असू शकतं. त्या स्की करणार नसल्या तरी स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) बसल्या की वाद सुरू.

आणि त्यांचा मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. परत येताना जर्मन पोलीस सीमेवर गाड्या थांबवतात.

पायवाट – ६ नोव्हेंबर

गुडघेदुखी, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आजच क्लबचा अर्ज भरते.

आता माझा प्रश्न. मी चाळिशीत शिकू शकेन का? खरं सांगा. नवरा म्हणतो "मी शिकवतो, शाळेचे पैसे वाचतील."

लंडनची_मावशी – ६ नोव्हेंबर

नवऱ्याकडून गाडी आणि स्की शिकू नये. पैसे वाचतात, संसार वाचत नाही.

झुरिकवासिनी – ६ नोव्हेंबर

मावशी

आल्प्सकर_अण्णा – ७ नोव्हेंबर

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. मी बायकोला शिकवायला गेलो तेव्हाची शांतता अजून घरात आहे.

पायवाट, नक्की शिकाल. मोठ्यांच्या नवशिक्या गटात जा, तिथे सगळे तुमच्यासारखेच असतात. मोठ्यांची अडचण पायात नसते, भीतीत असते. उतार दिसला की माणूस आपोआप मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीचं पुढचं टोक हलकं होऊन ती ऐकेनाशी होते. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली राहिली पाहिजे, सतत. ती टेकलेली जाणवतेय तोवर तुम्ही ठीक आहात. जाणवेनाशी झाली की मागे गेलात. पहिले दोन दिवस एवढंच बघा.

मुलं पहिल्यांदा शिकतात ते पिझ्झा आणि पोम्स. टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे पिझ्झा, वेग कमी. दोन्ही समांतर म्हणजे पोम्स, सुटली गाडी. तुमच्या लेकीला पिझ्झाचा कंटाळा आलेला असणार, तिला वरच्या गटात टाका. आणि शिक्षकाला आधीच सांगा की ती वळत नाही. हॅनेस श्नायडरने १९२० च्या दशकात सांक्ट आंटोनला जी पद्धत बसवली, नांगरापासून (म्हणजे पिझ्झापासून) सुरुवात आणि हळूहळू समांतर, तिचाच हा पोरांच्या भाषेतला अवतार. सेरफाउसपासून सांक्ट आंटोन फार लांब नाही.

चेअरलिफ्टवरून उतरायला घाबरू नका. धावत्या लोकलमधून उतरायची सवय असलेल्याला ते सोपं जातं : टोकं वर, आधार सोडून उभं राहायचं आणि सरळ पुढे सरकायचं, तिथे थांबून मागे बघायचं नाही. टी-बार, म्हणजे दोरीला उलटा टी लावलेली लिफ्ट, मात्र पहिल्या आठवड्यात टाळा. त्याच्यावर लोक बसतात आणि पडतात. तो बसायचा नसतो, तो मागून ढकलतो.

पडलात तर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, शरीराच्या खालच्या बाजूला, मग उठा. उताराच्या दिशेने ठेवून उठलात तर उठता उठताच निघाल.

धाकट्याला फक्त सकाळचे दोन तास. सोडून लगेच निघून जा. आईबाप कुंपणाशी दिसले की रडं थांबत नाही.

स्टुटगार्टचा_सख्या – ७ नोव्हेंबर

बुटांबद्दल भर. भाड्याच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी मारामारी असते, आदल्या दिवशी जा किंवा ऑनलाइन राखून ठेवा. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घालून टाच मागे ठोका, मग बकल लावा. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम लागला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. आपले लोक थंडीच्या भीतीने दोन मोजे घालतात, त्याने रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. एकच पातळ, लांब, लोकरीचा मोजा. आत सुती काही नको, घाम धरून ठेवतं.

बूट स्कीला पकडून ठेवणारं बंधन किती घट्ट ठेवायचं ते दुकानदार वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून लावतो. वजन कमी सांगू नका. इथे लाजलात तर उतारावर स्की अवेळी सुटते.

फर्नपासवरून जाणार असाल तर शनिवारी पहाटे पाचला निघा किंवा दुपारनंतर. जीपीएस आडवाटा दाखवेल, पण शनिवार-रविवारी टिरोलमध्ये गावांतून जायला बंदी असते, पोलीस परत पाठवतात. हिवाळी टायर आणि विन्येट आहेतच. की सरळ ट्रेन घ्या, लांडेक-त्साम्सपर्यंत, तिथून वर बस.

पायवाट – १२ नोव्हेंबर

लाडीसला घर मिळालं! दोन खोल्या, स्वयंपाकघर, शेगडी इंडक्शनची आहे (विचारलं). मालकीणबाईंनी फोनवर दोनदा विचारलं की आजी येणार ना, मग खालच्या मजल्याची खोली देते. फिसची शाळा लेकीला आणि धाकट्याला, मला मोठ्यांचा गट सोमवारपासून. नवऱ्याला दोन दिवस मोकळे दिलेत, मास्नरकडे जायला, पण रोज एकला जेवायला फिसमध्ये हजर, असा करार. कराराचं उल्लंघन झालं तर भांडी त्याच्याकडे.

सासूबाई म्हणताहेत त्यांना स्लेज चालवायची आहे. गाडीतून नाही, स्वतः. काय सांगू?

गुडघेदुखी – १२ नोव्हेंबर

आधी विम्याचं बारीक अक्षर वाचून सांगा त्यांना :ड

आल्प्सकर_अण्णा – १३ नोव्हेंबर

लांब डोंगरी रोडेलबानवर (स्लेजच्या वाटेवर) नको, मनापासून सांगतो. तिथे वेग चांगलाच येतो, वळणावर बर्फ कडक झालेला असतो आणि ब्रेक म्हणजे स्वतःचे पाय. कुरकुरत्या गुडघ्याने ब्रेक लावायचा नाही. गावाजवळ पोरांची छोटी, सपाटीला संपणारी टेकडी असते, तिथे हेल्मेट घालून नातवाबरोबर खुशाल बसू द्या, दुपारी बर्फ मऊ झाल्यावर. दोरी हातात, पाय दोन्ही बाजूंना पूर्ण टेकवून, आणि खाली यजमानांना उभं करा.

आणि त्यांच्या चालायच्या बुटांना लावायचे रबरी खिळेपट्टे इथल्या क्रीडासामानाच्या दुकानातून आधीच घ्या. सकाळी आठला लाडीसच्या गल्लीत आदल्या दुपारी वितळलेलं पाणी गोठलेलं असतं. उतारावर कोणी पडत नाही तितके लोक बेकरीला जाताना पडतात.

आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा : ऑस्ट्रियात डोंगरावरच्या मदतीला १४०, एरवी ११२. यजमानांना सांगा, आखलेल्या उताराबाहेरच्या ताज्या बर्फात एकटं जायचं नाही. हिमस्खलनाची पातळी पाचपैकी तीन असली की लोकांना 'मधली' वाटते आणि सगळ्यात जास्त माणसं त्याच पातळीला दगावतात. आणि खालून-वरून वाद झाला तर खालच्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने वाट काढायची. एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) दहा नियम आहेत, १९६७ पासूनचे, लेकीला तेवढा एक तरी पाठ करून घ्या, वळायचं नंतर आठवतं म्हणालात म्हणून.

दोन_पोळ्या – १३ नोव्हेंबर

दशम्यांचं प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू की इथेच लिहू?

कोथरूडचा_खवचट – १३ नोव्हेंबर

इथेच लिहा. बाकीचा धागा मी त्यासाठीच वाचतोय.